वचनाच्या आजूबाजूला

यिर्मया 29:11. बायबल कधी उघडूनही न पाहिलेल्या माणसाला हे वचन कुठे ना कुठे भेटलेलं असतं. कॅलेंडरच्या पानावर, कॉफीच्या कपावर, परीक्षेच्या आदल्या रात्री आलेल्या मेसेजमध्ये, आणि बहुतेक वेळा मागे उगवता सूर्य. तुमच्याविषयी माझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, ते तुमच्या भल्याचं आहे, वाईटाचं नाही, ते तुम्हाला आशा देणारं आहे, असं देव त्यात म्हणतो. मुलाखतीला निघालेल्या पोराला याहून चांगलं काय पाठवणार?

या वचनाशी माझं भांडण नाही. पण त्याच्या बरोब्बर वरचं, दहावं वचन मी आजवर एकाही कपावर पाहिलेलं नाही. त्यात देव म्हणतो, बाबेलची सत्तर वर्षं भरली की मी तुमच्याकडे लक्ष देईन आणि तुम्हाला परत आणीन. सत्तर वर्षं. अकरावं वचन सुरूच होतं ते या आकड्याच्या पाठीवर.

तो अध्याय म्हणजे मुळात एक पत्र आहे. इसवी सनापूर्वी 597 मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम घेतलं आणि राजा, राजमाता, दरबारी, कारागीर, लोहार अशी शहरातली कर्तीसवरती माणसं उचलून बाबेलला नेली. यिर्मया हा संदेष्टा मागे राहिला. त्याने त्या नेलेल्या माणसांना पत्र लिहिलं आणि मागे गादीवर बसवलेल्या सिद्कीया राजाचे दोन दूत नबुखद्नेस्सराकडे निघाले होते त्यांच्या हाती ते दिलं. सरकारी टपालानेच गेलं म्हणा ना. पत्रात काय आहे? घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, पोरं होऊ द्या, त्यांचीही लग्नं लावा. आणि ज्या शहरात तुम्हाला धरून नेलंय त्या शहराचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं बरं झालं तर तुमचंही बरं होईल. ज्याने आपल्या मंदिरातला खजिना लुटून नेला, त्याच्या शहरासाठी प्रार्थना! हे पत्र तिथे मोठ्याने वाचलं गेलं असेल तेव्हा किती जण मधेच उठून गेले असतील कोण जाणे. निदान एकाची तक्रार तर त्याच अध्यायात नोंदलेली आहे. शमाया नावाच्या बंदिवानाने उलट यरुशलेमला पत्रं धाडली: घरं बांधा, बागा लावा म्हणून कळवणाऱ्या या वेड्याला तुम्ही खोड्यात का घालत नाही?

त्याच्या आधीचा, अठ्ठाविसावा अध्याय वाचला की या पत्राचा कडवटपणा आणखी कळतो. यिर्मया तेव्हा मानेवर लाकडी जू घेऊन वावरत होता. बाबेलचं जू मुकाट्याने घ्या, असा त्याचा निरोप होता. त्या वेळी हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात, सगळ्या लोकांच्या देखत उभा राहिला आणि म्हणाला, दोन वर्षं. दोन वर्षांत राजा परत येईल, बंदिवान परत येतील, मंदिरातली भांडी परत येतील. यावर यिर्मया काय म्हणाला? आमेन. परमेश्वर तसंच करो. मग त्याने एवढंच बजावलं की शांतीचं भाकीत करणाऱ्याची परीक्षा ते भाकीत खरं ठरल्यावरच होते. हनन्याने त्याच्या मानेवरचं जू उतरवून मोडून टाकलं, आणि यिर्मया आपल्या वाटेने निघून गेला. लगेच प्रत्युत्तर नाही, वाद नाही. देवाचं उत्तर घेऊन तो परत आला तो नंतर. त्याच वर्षी हनन्या मेला.

हा प्रसंग मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो, कारण त्यात आपलीच गोष्ट आहे. सगळं लवकर सुरळीत होईल, गेलेलं परत मिळेल, काळजी करू नकोस, हा निरोप हनन्याचा. मुलाखतीच्या आदल्या दिवशी आपण यिर्मया 29:11 पाठवतो तेव्हा नेमकं हेच म्हणत असतो. निरोप हनन्याचा आणि खाली सही यिर्मयाची.

आमच्या बायबल अभ्यासगटात हा अध्याय आम्ही सलग वाचला तेव्हा एक वयस्कर बाई बराच वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे ज्यांच्या हातात हे पत्र पडलं, त्यांच्यातले बहुतेक तिथेच मेले की." कुणीतरी सारवासारव करू लागलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "नाही, नाही, मला बरंच वाटलं ऐकून. मी माझ्या नातवंडांसाठी जे मागते ते मला स्वतःला बघायला मिळणार नाही, हे मला कळतं. या माणसांनाही कळलं असणार." अकराव्या वचनाचा इतका नेमका अर्थ मी कुठल्या उपदेशात ऐकलेला नाही. त्या वचनातलं सांत्वन दहाव्या वचनाने हिरावून घेतलं नव्हतं. ते फक्त तरुण पोराच्या मुलाखतीवरून उठून एका म्हातारीच्या ओंजळीत जाऊन बसलं होतं.

आणि एक. हे भल्याचे बेत सरसकट सगळ्यांसाठी आहेत असंही त्या पत्रात नाही. सतराव्या वचनात यरुशलेमातच राहिलेल्यांविषयी देव बोलतो: तलवार, दुष्काळ, मरी, ते खाववणार नाहीत अशा नासक्या अंजिरांसारखे होतील. अकरा आणि सतरा यांच्यात अंतर किती, तर बोटभर.

हे बोटभर अंतर आपल्याला का दिसत नाही, याला एक यांत्रिक कारण आहे, आणि ते म्हणजे आकडे. मूळ हस्तलिखितांत हे आकडे नव्हते. आज आपण वापरतो ते अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँगटनने पाडले असं मानलं जातं. तो पॅरिसला शिकवत असे आणि पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला. हिब्रू शास्त्रात वचनं संपल्याच्या खुणा जुन्या काळापासून होत्या, पण नव्या कराराला आजचे वचनांक दिले ते रोबेर एस्तिएन या मुद्रकाने, 1551 च्या ग्रीक आवृत्तीत. त्याचा मुलगा लिहून गेलाय की बापाने हे काम पॅरिसहून लियॉनला जाताना वाटेत केलं. त्यावरून घोडा ठेचकाळला की पेन भलतीकडे जायचं आणि तिथे वचन तुटायचं, असा विनोद अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. काही ठिकाणी वाचताना तो विनोद वाटत नाही. मग 1560 च्या जिनिव्हा बायबलमध्ये प्रत्येक वचन नव्या ओळीवर आलं, आणि सलग मजकुराची यादी झाली. यादीतून एक ओळ उचलणं किती सोपं!

आकडे वाईट नाहीत. त्यांच्यावाचून दहा जणांना एकाच ओळीवर बोट ठेवता आलं नसतं. पण ते कुठे कापतात ते पाहायला हवं. विधवेची दोन नाणी घ्या. ही गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात एकविसाव्या अध्यायाच्या तोंडाशी येते. श्रीमंत माणसं भांडारात आपली दानं टाकताहेत, एक गरीब विधवा दोन तांब्याची नाणी टाकते, आणि येशू म्हणतो, हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. हिने आपली सगळी उपजीविकाच टाकली. दान गोळा करायच्या आधी वाचायला याहून सोयीचा शास्त्रभाग नाही. आता एक पान मागे जा. विसाव्या अध्यायाची शेवटची दोन वचनं: शास्त्र्यांपासून जपून राहा, ते लांब झगे घालून मिरवतात, बाजारात नमस्कार घेतात आणि विधवांची घरं गिळतात. विधवांची घरं! आणि लगेच विधवा येते. मधे नवा अध्याय आहे म्हणून आपल्याला त्या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात. मार्कमध्ये गंमत उलटी आहे. तिथे शास्त्री आणि विधवा एकाच अध्यायात आहेत, पण तो अध्याय तिच्याच नाण्यांवर संपतो, आणि पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात शिष्य मंदिराच्या दगडांचं कौतुक करतात व येशू म्हणतो की इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. म्हणजे लूकमध्ये सुरी तिच्या आधी पडली आहे आणि मार्कमध्ये तिच्या नंतर. दोन्ही जोडून वाचलं तर चित्र असं दिसतं: विधवांची घरं गिळणारे, मग आपलं शेवटचं किडूकमिडूक देऊन बसलेली एक विधवा, आणि मग ज्या इमारतीसाठी तिने ते दिलं ती पडणार असल्याची बातमी. येशू तिचं कौतुक करतोय की तिच्यासाठी हळहळतोय? यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला दोन्ही ऐकू येतं. पण "बघा, तिने सगळं दिलं, तुम्हीही द्या" असं म्हणत पेटी फिरवणं ज्याला अजूनही सहज जमतं, त्याने आधीची दोन वचनं वाचलेली नसावीत, किंवा फार नीट वाचलेली असावीत.

कधी कधी प्रश्न अगदी साधा असतो: हे बोलतंय कोण? ईयोब 8:7 बघा. तुझा आरंभ लहान असला तरी तुझा शेवट फार मोठा होईल. नव्या कामाच्या शुभेच्छांसाठी जणू मुद्दाम लिहिलेलं. हे बोलतो तो बिल्दद, ईयोबाचा मित्र. ईयोबाची दहाही मुलं घर कोसळून मेलेली आहेत, तो राखेत बसलेला आहे, आणि बिल्दद तीनच वचनं आधी त्याला सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याची फळं देवाने त्यांना दिली. पोरांच्या मरणाचा हिशेब मांडून झाल्यावर मग तो म्हणतो, तू नीट वागलास तर तुझा शेवट मोठा होईल. पुस्तकाच्या अखेरीस देव स्वतः म्हणतो की ईयोबाचे हे मित्र माझ्याविषयी योग्य ते बोलले नाहीत. ज्याला देवाने खोडून काढलं त्याचं बोलणं आपण देवाचा आशीर्वाद म्हणून वाटतो.

मिस्पा नावाच्या जागेची कथा तर विनोदीच आहे. उत्पत्ति 31:49: आपण एकमेकांच्या नजरेआड असू तेव्हा परमेश्वर तुझ्यामाझ्यावर नजर ठेवो. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळात हे वचन प्रेमिकांच्या दागिन्यांवर कोरायची पद्धत होती. मूळ प्रसंगात बोलणारा आहे लाबान, एक बेरकी सासरा. जावई याकोब त्याला न सांगता बायकामुलं आणि गुरंढोरं घेऊन पळालाय, लाबानने पाठलाग करून त्याला गाठलंय, आणि कुणाचाच कुणावर विश्वास नाही म्हणून दोघांनी दगडांची रास रचलीय: ही ओलांडून तू माझ्याकडे यायचं नाहीस, मी तुझ्याकडे येणार नाही. नजर ठेवो म्हणजे अक्षरशः नजर ठेवो. भांडण मिटत नसलेल्या दोन भाऊबंदांच्या बांधावर शोभेल असं हे वचन लोकांनी गळ्यात घातलं.

इथपर्यंत हसता येतं. पुढे येत नाही.

फ्रेडरिक डग्लस गुलामीत जन्मला, पळून सुटला, आणि 1845 मध्ये त्याने आपली हकीकत छापली. त्यात त्याचा एक मालक आहे, टॉमस ऑल्ड. 1832 च्या ऑगस्टात ऑल्ड एका धार्मिक मेळाव्याला गेला आणि तिथून भक्त होऊन आला. डग्लसला आशा वाटली होती की आता हा गुलामांना मोकळं करील, निदान जरा मायेने वागेल. झालं भलतंच. डग्लस लिहितो की त्याने ऑल्डला एका पांगळ्या तरुणीला बांधून, उघड्या खांद्यांवर चामड्याच्या चाबकाने रक्त येईतो मारताना पाहिलं, आणि हे करताना तो शास्त्रवचन म्हणत असे: ज्याला आपल्या धन्याची इच्छा ठाऊक असून जो ती करत नाही, त्याला पुष्कळ फटके बसतील.

हे वचन आहे लूक 12:47. आता वर जायचं. बेचाळिसाव्या वचनात येशू ज्याच्याविषयी बोलू लागतो तो कारभारी आहे, धन्याने इतर नोकरांवर नेमलेला. पंचेचाळिसाव्या वचनात हा कारभारी मनाशी म्हणतो की धनी काही लवकर येत नाही, आणि मग काय करू लागतो? गड्यांना आणि मोलकरणींना मारहाण करू लागतो. खातो, पितो, झिंगतो. धनी अचानक येतो. आणि मग सत्तेचाळिसावं वचन: ज्या नोकराला धन्याची इच्छा ठाऊक होती त्याला पुष्कळ फटके. ते फटके मोलकरणीला मारणाऱ्यासाठी आहेत. ऑल्ड चाबूक हातात घेऊन स्वतःवरचाच निकाल मोठ्याने वाचत होता, आणि ज्या बाईला तो बांधून मारत होता ती दोन वचनं वर, त्याच दाखल्यात उभी होती.

'ध'चा 'मा' करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं. इथे तेवढीही तसदी नाही. एक अक्षर इकडचं तिकडे न होता वाक्य आपल्या जागेवरून उचललं आणि ज्याच्या बाजूने ते होतं त्याच्याच पाठीत घातलं.

काही लोकांनी हे काम कात्रीनेही केलं. 1807 साली लंडनमध्ये वेस्ट इंडीज बेटांवरच्या गुलामांसाठी बायबलमधले निवडक भाग छापले गेले. आपल्या नेहमीच्या बायबलात 1189 अध्याय असतात. या पुस्तकात होते 232. योसेफाची गोष्ट ठेवली, कारण तो गुलाम होऊन प्रामाणिक राहिला. त्याचे वंशज मिसरातल्या गुलामीतून सुटले तो भाग काढला. दासांनो, आपल्या धन्यांची आज्ञा पाळा, हे इफिसकरांच्या पत्रातलं वचन राहिलं. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांच्या पत्रातलं गेलं. त्या पुस्तकाच्या फारच थोड्या प्रती आज शिल्लक आहेत. मला त्यातली अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की छापणाऱ्यांना संदर्भाचं महत्त्व पक्कं ठाऊक होतं. मागचंपुढचं वाचलं की काय होतं हे त्यांच्याइतकं नीट कुणाला कळलं असेल?

म्हणून मला हल्ली वाटतं, संदर्भ सुटतो तो दर वेळी आळसाने सुटत नाही. जरा पाहिलं तर गळून पडलेला भाग बहुधा एकाच जातीचा निघतो: आपल्याला महाग पडणारा. यिर्मयातली सत्तर वर्षं. न्याय करू नका, हे मत्तय 7:1 सगळ्यांना पाठ असतं, पण पाचव्या वचनात आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं आहे. म्हणजे कुसळ काढायचं काम रद्द झालेलं नाही, फक्त आपला नंबर आधी लागलाय. ख्रिस्ताच्या बळावर मी सर्व काही करू शकतो, हे फिलिप्पैकरांस 4:13 खेळाडू बुटांवर लिहितात. लिहिणारा पौल तुरुंगात होता, आणि तो सांगत होता की उपाशी राहायलाही मी शिकलोय. पुढचंच वाक्य काय? तरी तुम्ही माझ्या अडचणीत वाटेकरी झालात हे बरं केलंत. सर्व काही करू शकणारा माणूस दुसऱ्याच श्वासात मदत पाठवणाऱ्यांचे आभार मानतोय. बुटावर ते मावत नाही.

सांत्वनाला जमलेल्या माणसांत हे सगळ्यात जास्त बोचतं. तरुण मुलगा गेलेल्या घरी मी बसलो होतो, आणि आलेल्यांपैकी कुणीतरी आईच्या समोर रोमकरांस 8:28 म्हटलं: देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून भल्याच्याच होतात. म्हणणाऱ्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. आईने मान डोलावली, बायका अशा वेळी डोलावतात तशी. मला राहून राहून सव्विसावं वचन आठवत होतं. दोनच ओळी वर पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, आणि पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी अनिर्वाच्य कण्हण्याने विनंती करतो. त्याच्याही वर सगळी सृष्टी कण्हतेय. अठ्ठाविसाव्या वचनापर्यंत पोहोचायचं तर वाटेत एवढं कण्हणं ऐकावं लागतं, आणि त्यात बोलणं फारसं नसतंच. आपण मधली वाट गाळून थेट उत्तराशी उतरतो.

आता दुसरी बाजू. संदर्भ हाही चलाखीचा धंदा होऊ शकतो, आणि तो शिकलेल्यांना जास्त जमतो. धनवानाने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो. यावर एक स्पष्टीकरण हमखास ऐकू येतं: यरुशलेमच्या तटाला सुईचं नाक नावाचं एक लहान दार होतं, उंटाला ओझं उतरवून, गुडघे टेकून त्यातून जाता यायचं. ऐकायला किती छान, किती अभ्यासपूर्ण! असं दार होतं याचा पुरावा मात्र सापडलेला नाही. हे स्पष्टीकरण येशूच्या नंतर कित्येक शतकांनी निघालं. आणि ते खोटं आहे हे कळायला उत्खननाची गरज नाही, पुढचं वचन पुरे. शिष्य चकित होऊन विचारतात, मग तारण कुणाचं होणार? दार एवढं ओळखीचं असतं तर ते चकित कशाला झाले असते? येशूही त्यांना गुडघे टेकायची युक्ती सांगत नाही. म्हणतो, माणसांना हे अशक्य आहे, देवाला सर्व शक्य आहे. (हे शेवटचं वाक्यही एकटंच फिरत असतं, बहुधा नव्या घराच्या भिंतीवर. श्रीमंताच्या तारणाविषयी ते बोललेलं आहे हे तिथे कळायला मार्ग नाही.) म्हणजे ज्या वचनाला संदर्भ नको होता त्याच्यासाठी आपण एक दार बांधून घेतलं. "ते त्या काळापुरतं होतं" हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं की मी आधी बघतो, ते वचन खरं मानलं तर याचं काय जाईल. माझ्या तोंडून आलं तरी.

मग एकटं वचन वापरणं मुळात चूकच का? तसंही म्हणता येत नाही, कारण बायबलातली माणसं ते सर्रास करतात. नासरेथच्या सभास्थानात येशूच्या हाती यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी देतात. तो जागा काढून वाचतो आणि एका वाक्याच्या मध्यावरच थांबतो. परमेश्वराच्या कृपेचं वर्ष, इथपर्यंत. यशयात त्याला लागूनच सूड घेण्याचा दिवस आहे. तो न वाचता येशू गुंडाळी मिटून सेवकाला देतो. सोयीपुरतं वाचलं? पुढे तो गावकऱ्यांना सांगतो की एलीयाच्या दुष्काळात भाकर मिळाली ती परक्या सारफथच्या विधवेला आणि अलीशाच्या काळात कुष्ठ गेलं ते परक्या अरामी नामानाचं, आणि लोक त्याला कड्यावरून लोटायला नेतात. सुडाचा दिवस परक्यांसाठी असतो असं मानणाऱ्या श्रोत्यांपुढे तो नेमका तिथे थांबला. त्याने गाळलेल्या ओळीची किंमत त्याला स्वतःला मोजावी लागली. आपण गाळतो तेव्हा सहसा दुसरा कुणीतरी मोजतो. क्रुसावरून त्याने म्हटलेली ओळही अशीच. माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, हे बाविसावं स्तोत्र. स्तोत्रांना तेव्हा वचनांक नव्हते, पहिली ओळ म्हटली की ऐकणाऱ्याच्या मनात सबंध स्तोत्र उभं राहत असणार, त्याच्या शेवटच्या स्तुतीसकट. एक ओळ म्हणून अख्खा संदर्भ जागा करायचा, हीसुद्धा एक रीत आहे. तिला अख्खं स्तोत्र पाठ असलेली माणसं लागतात.

याच्या उलट टोकाला सैतान. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तो येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन स्तोत्र 91 ऐकवतो: उडी टाक, देवदूत तुला हातांवर झेलतील. वचन बिनचूक आहे, एवढंच की तुझ्या सर्व मार्गांत तुझं रक्षण करतील, यातले मार्ग त्याने गाळलेत. मंदिराच्या टोकावरून खाली जाणारा काही मार्ग नसतो. येशू उत्तरादाखल दुसरं वचन देतो: परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. हे बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं, आणि तिथे पुढे मस्साचं नाव आहे, जिथे पाणी नाही म्हणून लोकांनी विचारलं होतं की देव आमच्यात आहे की नाही. भुकेल्या रानातून आलेल्या माणसाला ते नाव बरोबर आठवलं.

मी स्वतः काय करतो? फार काही नाही. कुठलंही वचन हातात आलं की ते कोण बोलतंय, कुणाला, आणि ऐकणाऱ्याने पुढे काय केलं, एवढं शोधतो. बऱ्याचदा पान उलटावंही लागत नाही. नीतिसूत्रे 26 मध्ये मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच पुढच्या ओळीत, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर दे, अशी दोन वचनं शेजारीशेजारी आहेत. ज्याने ती एकाखाली एक ठेवली तो हसत असावा. एकेकटं घेतलं तर दोघांपैकी कुठलंही भांडणात फेकून मारता येतं.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात एक प्रवासी आहे. आफ्रिकेतल्या कूश लोकांच्या कंदाके राणीचा खजिनदार, षंढ, यरुशलेमला उपासनेला जाऊन रथातून परत निघालेला. हातात यशयाची गुंडाळी, आणि तो मोठ्याने वाचतोय: मेंढरासारखा त्याला वधायला नेलं. येशूची सुवार्ता सांगत फिरणारा फिलिप्प रथाशेजारून धावत विचारतो, वाचताय ते समजतंय का? तो म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजेल? मग त्याने जो प्रश्न विचारला त्याच्याइतका नेटका प्रश्न मी कुठल्या अभ्यासगटात ऐकलेला नाही: संदेष्टा हे कुणाविषयी म्हणतोय, स्वतःविषयी की दुसऱ्या कुणाविषयी?

फिलिप्प त्याला तिथून सुरुवात करून येशूची सुवार्ता सांगतो, त्याचा बाप्तिस्मा होतो, फिलिप्प दिसेनासा होतो, आणि हा आनंदाने आपल्या वाटेला लागतो. तो वाचत होता तो भाग आज त्रेपन्नाव्या अध्यायात आहे. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायातल्या नियमाने त्याच्यासारख्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता, आणि इतक्या लांबून येऊन यरुशलेमात त्याला कुठवर जाऊ दिलं असेल याची कल्पना करता येते. यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात देव म्हणतो की षंढाने मी वाळलेलं झाड आहे असं म्हणू नये. जे माझा करार धरून राहतात त्यांना मी माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत, मुलामुलींहून चांगलं नाव देईन. तो पुढे वाचत गेला की नाही ते ही कृत्यं लिहिणारा लूक सांगत नाही. गेला असेल, तर त्याच गुंडाळीत, अजून थोडी उलगडली की, त्याला स्वतःचाच उल्लेख सापडला असणार.